खुनाची शिकवणी

आमच्या शाळेतल्या इंग्रजीच्या पुस्तकात कोणाचं कधी काही वाईट झालं नाही. त्यातली माणसं पोस्टात जायची, तिकिटं घ्यायची आणि घरी यायची. शेतकरी असे, तो प्रामाणिक असे. बागेत फुलं असत, ती रंगीबेरंगी असत. एखाद्या धड्यात लांडगा आलाच तर तोही तात्पर्यापुरता येई आणि तास संपायच्या आत निघून जाई. इतक्या निरुपद्रवी मंडळींकडून भाषा शिकणं अवघडच होतं. धड्याखालचे शब्दार्थ परीक्षेच्या आदल्या रात्री मुक्कामाला येत आणि पेपर संपला की वळकटी बांधून चालू लागत.

इंग्रजी आली ती पुढे, आणि आणली ती गुन्हेगारांनी.

आमच्या घरात ही परंपराच आहे. वडील गिरगावातल्या चाळीत वाढले, मराठी शाळेत शिकले. त्यांची इंग्रजी सुधारली ती १९५९ मध्ये, कमांडर कावस नानावटी यांच्यामुळे. २७ एप्रिलच्या दुपारी नौदलाच्या या देखण्या अधिकाऱ्याने प्रेम आहुजा या मोटारविक्रेत्याच्या घरी जाऊन त्याला गोळ्या घातल्या. आहुजाचे नानावटींच्या पत्नीशी संबंध होते. खटला उभा राहिला आणि मुंबईला दुसरा विषय उरला नाही. ‘ब्लिट्झ’ या इंग्रजी साप्ताहिकाचा पाव रुपयाचा अंक दोन रुपयांना जाऊ लागला. फूटपाथवर ‘आहुजा टॉवेल’ आणि खेळण्यातली ‘नानावटी रिव्हॉल्व्हरं’ विकायला आली. टॉवेल अशासाठी, की आहुजा त्या वेळी आंघोळ करून नुसता टॉवेल गुंडाळून होता. झटापटीत गोळ्या सुटल्या असं बचाव पक्षाचं म्हणणं, आणि टॉवेल मात्र जागचा हलला नव्हता.

चाळीत ब्लिट्झचा एकच अंक यायचा. ज्याला इंग्रजी बरी येई तो गॅलरीत उभा राहून वाचायचा, बाकीचे ऐकायचे. वडिलांना ‘सडन’ हा शब्द शाळेपासून ठाऊक होता. सडन म्हणजे अचानक, मार्क एक. पण ‘ग्रेव्ह अँड सडन प्रोव्होकेशन’ या चार शब्दांवर एक जिवंत माणूस लटकलेला पाहिल्यावर त्यांना त्या शब्दाची खोली कळली. अचानक म्हणजे किती अचानक? नानावटींनी बायकोमुलांना मेट्रो सिनेमाला सोडलं, जहाजावर जाऊन रिव्हॉल्व्हर घेतलं, आधी आहुजाच्या कार्यालयात गेले, तिथे तो नाही म्हणून घरी गेले. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये हिशेब मांडला: घर सोडलं दुपारी दीडला, खून झाला चार वीसला. एवढ्या वेळात माणसाचं डोकं शांत व्हायला हवं, तेव्हा हे सडन नाही. गिरगावातले कितीतरी लोक तोवर सडन हा शब्द बिनदिक्कत वापरत होते. त्यानंतर ते घड्याळ बघून वापरू लागले.

दुसरा शब्द मिळाला तो न्यायाधीश रतिलाल मेहता यांच्याकडून. ज्युरीतल्या नऊपैकी आठ जणांनी नानावटींना निर्दोष ठरवलं, तेव्हा न्यायाधीशांनी तो कौल ‘परव्हर्स’ मानला आणि प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. तिथे जन्मठेप झाली. कुठल्याही समंजस माणसाने समोरचा पुरावा पाहून जो निष्कर्ष काढला नसता, तो परव्हर्स. वडिलांनी हा शब्द जन्मभर सांभाळला. क्रिकेटच्या निवड समितीचे निर्णय परव्हर्स असत. पहाटे चारची एसटी पकडायची असताना आदल्या रात्री कडक पुऱ्या तळायला घेणं हे परव्हर्स असे. आईला त्याचा अर्थ कोणी सांगितला नव्हता; संदर्भाने तिला तो चांगला कळत असे.

आपल्याला इंग्रजी शिकायला लावणारा माणूस म्हणून आपण मेकॉलेचं नाव घेतो, आणि बहुधा शिव्या देण्यासाठी घेतो. १८३५ चं त्याचं ते टिपण, कारकुनांचं पीक, वगैरे. पण याच मेकॉलेच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने दोनच वर्षांनी, १८३७ मध्ये, भारतीय दंडसंहितेचा मसुदा तयार केला. तो १८६० मध्ये कायदा झाला, १ जानेवारी १८६२ पासून लागू झाला आणि थेट १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहितेने त्याची जागा घेईपर्यंत चालला. नव्या संहितेतही त्यातले कितीतरी दाखले टिकून आहेत. हे दाखले म्हणजे एका ओळीच्या कथा आहेत. त्यांत दोन मुख्य पात्रं, ‘ए’ आणि ‘झेड’. ‘ए’ हा या देशातला सर्वांत सराईत गुन्हेगार. तो ‘झेड’च्या जमिनीवरचं झाड तोडतो. खिशात कुत्र्याला आवडेल असं खाणं ठेवून ‘झेड’चा कुत्रा आपल्यामागे आणतो. वाटेत एक बैल भेटतो, त्याच्या पाठीवर खजिन्याची पेटी असते, आणि ‘ए’ त्या बैलाला आपल्याला हव्या त्या दिशेला हाकतो. बैलाने पहिलं पाऊल टाकलं की चोरी पूर्ण. त्याच ‘ए’ला भर रस्त्यात एक अंगठी सापडते, ती कोणाच्याच ताब्यात नसते, तर ती उचलणं ही मात्र चोरी नव्हे. तो दुसरा गुन्हा ठरू शकेल, पण चोरी नव्हे.

या बैलाच्या एका पावलात जेवढी इंग्रजी आहे तेवढी आमच्या पाचवी ते दहावीच्या पुस्तकांत मिळून नव्हती. घेणं, हलवणं, ताबा, हेतू, संमती: प्रत्येक क्रियापदाला इथे काम आहे आणि ते चुकलं तर कोणीतरी तुरुंगात जातो. मेकॉलेने एका हाताने आम्हाला शाळेतली इंग्रजी दिली आणि दुसऱ्या हाताने ही. आमच्या शिक्षणखात्याने पहिला हात धरला, एवढंच.

दरोड्याचंच घ्या. चार जणांनी मिळून लुटलं तर ती रॉबरी. पाचवा आला की सगळेच्या सगळे डकॉइटीचे आरोपी. मराठी वर्तमानपत्रात ‘दरोड्याच्या तयारीत असलेली टोळी जेरबंद’ अशी बातमी येते, तेव्हा मी आधी नावं मोजते. पाचाच्या खाली कधी नसतात. त्या पाचव्याचा मला नेहमी कळवळा येतो. बिचारा कदाचित सोबत म्हणून आला असेल आणि त्याच्या येण्याने बाकीच्या चौघांच्या गुन्ह्याचा शब्दच बदलला.

आमच्या घराण्यातली ही परंपरा सध्या मावशी चालवते. सत्तरी ओलांडल्यावर गुडघ्यांनी फिरणं बंद केलं तेव्हा भाच्याने तिला फोनवर पॉडकास्ट लावून दिले. भक्तिगीतं लावून द्यायची म्हणून तो गेला होता. बोट कुठे पडलं कोण जाणे. आता मावशी मेथी निवडताना बाल्टिमोरमध्ये असते. तिचं सुरुवातीचं पाठ्यपुस्तक म्हणजे ‘सीरियल’, २०१४ चा तो गाजलेला पॉडकास्ट, ज्यात १९९९ मधल्या एका शाळकरी मुलीच्या खुनाचा पुन्हा शोध घेतला आहे. त्याच्या आरंभीच एक साधा प्रश्न येतो: सहा आठवड्यांपूर्वीच्या एखाद्या दिवशी तुम्ही कुठे होता, हे तुम्हाला सांगता येईल का? जगभरच्या श्रोत्यांना या प्रश्नाने घाम फुटला असणार. मावशीला नाही फुटला.

“हे काय विचारणं झालं?” ती म्हणाली. “कालनिर्णय कशासाठी असतं?”

तिच्या कालनिर्णयाच्या मागच्या पानांवर दुधाचे खाडे, गॅस कधी लावला, धुणंवाली कधी आली नाही, कोणाच्या बारशाला काय दिलं, सगळं आहे. सहा आठवड्यांपूर्वीची संकष्टी, त्या दिवशी चंद्रोदय किती वाजता, तोवर आपण कुठे बसलो होतो आणि भूक लागली म्हणून पहिल्यांदा कोण कुरकुरलं, हे तिला तोंडपाठ होतं. “अलिबाय,” ती चष्मा वर सरकवत म्हणाली, “आपल्याकडे सगळ्या बायकांना असतो गं. पुरुषांचं कठीण आहे.”

या शिक्षणाची एक अडचण आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. शब्दसंग्रह एकाच बाजूला वाढतो. मावशीला हॉटेलात मेनूकार्ड वाचता येत नाही, पण विषप्रयोगाची लक्षणं इंग्रजीत क्रमाने सांगता येतात. पलंगाच्या कडेवर गुडघा आपटला म्हणून तिला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी काय झालं विचारलं. मावशी म्हणाली, “ब्लंट फोर्स ट्रॉमा.” डॉक्टर लिहिता लिहिता थांबले. “कशाने?” “पलंगाने. पण हेतू नव्हता.” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मलाच माझा अलिबाय आठवावा लागला. दिवाळीत परदेशातल्या नातसुनेला शुभेच्छा द्यायच्या होत्या, तेव्हा मात्र मावशी अडली. आनंदाचे शब्द तिच्या अभ्यासक्रमात नव्हते. शेवटी तिने ‘तू शेवटची दिसलीस तेव्हा फार छान दिसत होतीस’ या अर्थाचं काहीतरी पाठवलं, आणि नातसुनेने काळजीने फोन केला.

मी मावशीला हसत असे, पण पुढे लक्षात आलं की कितीतरी सोज्ज्वळ दिसणारे शब्दसुद्धा मूळचे गुन्हेगारांच्या घरचे आहेत. पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांमध्ये रोज सकाळी ‘हाय गाइज’ होतं ना, तो ‘गाइ’ म्हणजे गाइ फॉक्स. इंग्लंडचं पार्लमेंट राजासकट उडवून देण्यासाठी तळघरात बारुदाची ३६ पिंपं साठवणाऱ्या टोळीतला हा माणूस ५ नोव्हेंबर १६०५ च्या पहाटे पकडला गेला आणि पुढच्या जानेवारीत त्याला देहदंड झाला. दरवर्षी त्याचे पुतळे जाळायची प्रथा पडली. त्या पुतळ्यांना ‘गाइ’ म्हणू लागले, मग गबाळ्या कपड्यांतल्या माणसाला, आणि अमेरिकेत पोचेपर्यंत वाटेल त्या माणसाला. म्हणजे आपले मनुष्यबळ विभागाचे अधिकारी रोज सगळ्या टीमला प्रेमाने राजद्रोही म्हणतात.

‘बर्क’ हे क्रियापद जुन्या इंग्रजी अग्रलेखांत भेटतं. एखादा प्रश्न गुपचूप दाबून टाकणं, असा त्याचा अर्थ. हा विल्यम बर्क एडिंबरोचा. १८२८ मध्ये त्याने आणि त्याचा जोडीदार हेअर याने १६ माणसं मारली आणि डॉ. रॉबर्ट नॉक्स यांच्या शरीरशास्त्राच्या वर्गाला प्रेतं विकली. अंगावर खुणा राहू नयेत म्हणून नाकतोंड दाबून मारायची त्याची रीत, तिचंच पुढे क्रियापद झालं. हेअर माफीचा साक्षीदार झाला आणि सुटला. बर्कला जानेवारी १८२९ मध्ये फाशी झाली, त्याच्या प्रेताचंही विच्छेदन झालं आणि त्याचा सांगाडा आजही एडिंबरो विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे. हेअर सुटला आणि शब्दकोशातूनही निसटला.

या व्यापारात आपलीही निर्यात आहे. ठग, लूट आणि डकैत हे तिन्ही इंग्रजांनी इथून नेले. ठगांच्या बंदोबस्तावर नेमलेल्या स्लीमनसाहेबाने १८३० च्या दशकात पहिला शब्द विलायतेत नावारूपाला आणला. सभ्य कपड्यांतले इतके इंग्रजी शब्द आपण आयात केले, त्या बदल्यात आपण काय पाठवलं याची यादी मावशीला वाचून दाखवली, तर ती म्हणाली, “ज्याची टंचाई तेच जातं.” मग थोडं थांबून म्हणाली, “पण लूट त्यांच्याकडे आधीपासून असणार. नुसता शब्द नसेल.”

सर्वांत मोठा धक्का मात्र खुद्द शब्दकोशाने दिला. ऑक्सफर्डचा महाकोश संपादक जेम्स मरे यांनी लोकांच्या मदतीने उभा केला. प्रत्येक शब्द कुठल्या पुस्तकात, कोणत्या काळी, कोणत्या अर्थाने आला, याची उदाहरणं चिठ्ठ्यांवर लिहून पाठवा, असं आवाहन त्यांनी १८७९ मध्ये केलं. ज्या वाचकांनी चिठ्ठ्यांचा पाऊस पाडला त्यांत बर्कशरमधल्या क्रोथॉर्नचे डॉ. विल्यम मायनर अग्रभागी होते. त्यांच्या चिठ्ठ्या नेमक्या असत. कोशात सध्या कोणता शब्द चालू आहे हे विचारून ते नेमक्या त्याच शब्दाची उदाहरणं पाठवत. त्यांचा पत्ता होता ब्रॉडमूर, म्हणजे मनोरुग्ण गुन्हेगारांचं बंदिस्त इस्पितळ. मायनर अमेरिकी लष्करातले शल्यविशारद. मनोविकाराने पछाडलेल्या अवस्थेत, रात्री खोलीत कोणीतरी शिरतं या भ्रमापायी, त्यांनी १७ फेब्रुवारी १८७२ च्या पहाटे लंडनच्या लँबेथ भागात रस्त्याने चाललेल्या एका माणसाला गोळ्या घातल्या. वेडाच्या भरात केलेलं कृत्य म्हणून न्यायालयाने त्यांना दोषी धरलं नाही, पण ब्रॉडमूरला ठेवलं. तिथे पुस्तकं मागवून त्यांनी कोठडीचं ग्रंथालय केलं आणि सुमारे वीस वर्षं शब्द पुरवले. मरे त्यांना भेटायला गेले आणि तिथेच पहिल्यांदा कळलं की हे इथले डॉक्टर नसून कैदी आहेत, अशी एक चटकदार गोष्ट सांगतात. ती खरी नाही. मरे यांना ते आधीच कळलेलं होतं, आणि कळूनही ते १८९१ मध्ये भेटायला गेले. मला ही खरी हकीकत त्या चटकदार गोष्टीपेक्षा जास्त आवडते.

मी हे मावशीला रंगवून सांगितलं. मला वाटलं, ती खूश होईल. शब्दांचा सगळ्यांत मोठा सावकारच आपल्या पंथातला निघाला. ती मेथीची जुडी खाली ठेवून म्हणाली, “आणि मेला तो कोण होता?”

जॉर्ज मेरेट. दारूच्या भट्टीत भट्टीवाल्याचं काम करायचा, पहाटेच्या पाळीला निघाला होता. घरी बायको आणि सहा मुलं, सातवं पोटात. त्याची विधवा एलायझा पुढे काही काळ ब्रॉडमूरला मायनर यांना भेटायला जाई आणि लंडनहून त्यांच्यासाठी पुस्तकं नेई. मावशीने शब्दांच्या वहीत नवं पान काढून वर ‘जॉर्ज मेरेट’ लिहिलं आणि मगच खाली त्या दिवसाचे शब्द लिहायला घेतले. म्हणाली, “फुकट शिकवणी घेऊ नये.”

या सगळ्या अभ्यासातून मावशीच्या हाती जे लागलं ते रक्तामांसाचे शब्द नव्हेत. ते मागे पडतात. विषांची नावं सहा महिन्यांत विसरतात. टिकली ती बारकी, कडेला उभी राहणारी अव्ययं आणि विशेषणं: अलेज्ड, अपॅरंटली, प्रिझ्यूमेबली. संशयित वेगळा, आरोपी वेगळा, दोषी वेगळा. एका पायरीवरून दुसरीवर जायला पुरावा लागतो आणि मधली पायरी गाळता येत नाही. शाळेच्या पुस्तकातला शेतकरी प्रामाणिक होता, आणि तो प्रामाणिक आहे हे कोणी, कधी, कशावरून ठरवलं, असं आम्हाला कोणी विचारू दिलं नव्हतं.

याचा उपयोग सोसायटीत झाला. आमच्या जिन्यातून दुधाच्या पिशव्या जाऊ लागल्या. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर दहा मिनिटांत चोर ठरला: तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणारा एकटा मुलगा. पुरावा असा, की तो रात्री उशिरा येतो आणि कोणाशी बोलत नाही. शिक्षेवर चर्चा सुरू झाली तेव्हा मावशीने मराठीत, पण अस्सल न्यायालयीन थाटात, संदेश टाकला. पिशवी नेताना कोणी पाहिलं? किती वाजता? त्या वेळी तो घरात होता याला पुरावा काय? तोवर सर्वांनी ‘कथित चोर’ असं लिहावं ही विनंती. सचिवांनी तिला सांगितलं, “मावशी, हे काही कोर्ट नाही.” मावशीने उत्तर दिलं, “म्हणूनच जास्त सांभाळायला हवं. कोर्टात त्याला वकील तरी मिळाला असता.” पुढच्या आठवड्यात कळलं की नवा दूधवाला आमच्या पिशव्या शेजारच्या विंगेत अडकवत होता आणि तिकडचे लोक गप्प बसून चहा पीत होते. ग्रुपवर त्या मुलाची माफी कोणी मागितली नाही. निदान तो ‘कथित’च राहिला होता, एवढीच काय ती सोय झाली.

आता मावशीने खून बंद केले आहेत. रात्री झोप लागत नाही असं कारण तिने दिलं, पण खरं कारण बँकेतून येणारी पत्रं आहेत. ती समजावीत म्हणून तिने आर्थिक गुन्हे सुरू केले आहेत, आणि पहिला धडा अर्थातच चार्ल्स पाँझी. १९२० मध्ये बोस्टनमध्ये तो लोकांना ४५ दिवसांत ५० टक्के नफा देतो म्हणत असे, देशोदेशींच्या टपाल कूपनांच्या व्यापारातून. प्रत्यक्षात नंतर आलेल्यांचे पैसे आधी आलेल्यांना मिळत. परवा एक गोड बोलणारा तरुण ‘आजी, तुमच्यासाठी खास योजना’ म्हणून दारात आला. मावशीने त्याला पाणी दिलं, चहा दिला, लाडू दिला. मग वही उघडून, पेन हातात घेऊन विचारलं, “बाळ, हे व्याज तू कोणाच्या पैशातून देणार?” तो म्हणाला, कंपनीला विचारून सांगतो. लाडू त्याने पूर्ण खाल्ला, योजनेचा कागद मात्र परत घेऊन गेला.